कोऱ्या बाजूवर लिहिलेला बेत

आमच्या घरात छापलेला मजकूर पुष्कळ होता, पण पूर्ण पुस्तक एकही नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापुरातल्या एका लहानशा छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करीत. छपाईत वाया गेलेले ताव मालक त्यांना घरी नेऊ देत असे. आठ पानांची पुस्तिका एका मोठ्या तावावर छापतात. आधी एका बाजूनं चार पानं, मग ताव उलटून दुसऱ्या बाजूनं चार. पहिल्याच बाजूला शाई पसरली किंवा कागद चुरगळला की तो ताव बाद. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या तावाची एक बाजू छापलेली आणि दुसरी कोरी असायची. छापलेल्या बाजूला पान एक, चार, पाच आणि आठ. दोन, तीन, सहा आणि सात आमच्या घरात कधी आलीच नाहीत.

आई हे ताव खळ लावून भिंतीला चिकटवायची, म्हणजे मातीचे पोपडे अंथरुणावर पडत नसत. तावावर दोन पानं सुलटी असतात आणि दोन उलटी. मी दोन्ही तऱ्हांनी वाचायला शिकले. दारूबंदी, खादी, स्त्रीशिक्षण, अस्पृश्यतेचा कलंक, पंचांगाची गुलामी, सगळं मी असंच वाचलं. प्रत्येक अन्यायाची सुरुवात मला माहीत होती, त्याचा शेवटही माहीत होता. मधली कारणं मी माझ्या मनानं भरून काढत असे, आणि काही दिवसांनी ती मी वाचलेली की मी रचलेली, हे मलाच आठवत नसे. सोळाव्या वर्षी माझ्याइतकी ठाम मतं आमच्या आळीत कुणाची नव्हती.

"ही पोरगी उलटं बी वाचती," असं माझी आत्या नळावर कौतुकानं सांगायची. त्यात थोडी काळजीही असायची.

आत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच होती. आळीच्या टोकाला हातमागाचा एक कारखाना होता. तिथं ती कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी कांडी बसते तिच्यावर चरख्यानं सूत गुंडाळायचं, दिवसभर तेच काम. मालक तेलुगू बोलणारा, माग चालवणारे निम्मे तेलुगू, उरलेल्यांत कानडी आणि मराठी. आत्याला तिन्ही बोली येत आणि तिन्हींत तिला भांडता येत असे. कारखान्याला रविवार माहीत नव्हता. तिथली सुट्टी अमावास्येला. त्या दिवशी माग चालवत नाहीत. त्याला हळदकुंकू लावतात, उदबत्ती ओवाळतात, आणि मग माग आणि माणसं दोघंही विसावा घेतात.

आत्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती आळीतल्या प्रत्येकाला माहीत होती. तिला समुद्र बघायचा होता.

त्याचं कारण असं. तिचा नवरा, म्हणजे माझे आतोबा, मोठ्या लढाईत खेचरं सांभाळायला भरती झाले होते. मुंबईला कित्येक दिवस बोटीची वाट बघत बसले, मग बसऱ्याला गेले, आणि सगळं आटोपून धडधाकट परतही आले. आल्यावर संध्याकाळी आमच्याच आळीच्या नळाशेजारच्या लिंबाखाली बसून ते समुद्राच्या गोष्टी सांगायचे. समुद्र दिवसातून दोनदा मागं सरतो, असं ते सांगत. पार लांब जातो. मग माणसं त्याच्या तळावरून चालतात, होड्या चिखलात कलंडून पडतात, आणि काही वेळानं तो परत आपल्या जागेवर येतो. कुणी आणत नाही, कुणी नेत नाही. आपला आपण.

एके सकाळी नळावर सातआठ बायका असताना कुणीतरी आत्याला विचारलं, हे खरं का गं. आतोबा तिथंच दात घासत उभे होते. आत्या म्हणाली, "सिद्धेश्वराचं तळं कदी उटून फिराया गेल्यालं बगितलं का कुनी? मग समुद्र कसा जाईल? लढाईतनं आल्यापास्नं लई थापा माराय लागलाय ह्यो मानूस."

बायका पोट धरून हसल्या. आतोबांनी चूळ भरली, पटका नीट केला आणि कामाला गेले. त्यानंतर ते चार वर्षं जगले, पण समुद्राचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आत्यानं पुढं कितीदा विषय काढून बघितला. ते म्हणायचे, "जाऊ दे की. तुझं बरूबर हाय."

"मी त्येला चारचौघींत थापाड्या म्हनले," आत्या मला सांगायची. सांगताना तिचा चरखा थांबत नसे. "खोटं असंल तर माझं बरूबर हुतं. खरं असंल तर मला कळाया पायजे. मेल्यावर वर गाठ पडंल, तवा मी त्येच्याशी काय बोलू?"

मी तिला सांगितलं होतं की ते खरं आहे. माझ्याकडे पुरावा होता. भरती-ओहोटीवरची एक शाळकरी पुस्तिका अण्णांच्या छापखान्यात छापली होती आणि तिचा एक ताव आमच्याकडे आला होता. पान एकवर लिहिलं होतं की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पान चारवर आणि पाचवर चंद्राच्या ओढीचं वर्णन होतं. मी तिला ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"छापनाऱ्यानं बगितलाय का समुद्र?" आत्यानं विचारलं.

अण्णा जेवत होते. ते म्हणाले, "न्हाय बगितला. आमच्या छापखान्यात चाचाशिवाय कुनीच न्हाय बगितला."

चाचा म्हणजे छापखान्यातले मशीनवाले. उमेदीची बारा वर्षं त्यांनी मुंबईत काढली होती आणि आतोबांचे ते जिवलग दोस्त. पण म्हणूनच त्यांची साक्ष आत्याला चालत नव्हती. "तुमी त्येच्याच बाजूचं," ती म्हणायची. चाचा हसून म्हणायचे, "हौ भाभी, उसकीच बाजू का हूं मैं. अब क्या करूं?"

मी सतरा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात मुंबईहून मामाचं पत्र आलं. मामा परळच्या एका गिरणीत होता. खोली लहान आहे, पण शेजारची खोली महिनाभर रिकामी आहे, तेव्हा सगळे या, असं त्यानं लिहिलं होतं. छापखान्यात काम फार असल्यानं अण्णांना निघता येत नव्हतं. आई, आत्या आणि मी, अशा तिघींनी जायचं ठरलं. अण्णा आम्हाला सोलापूरला बायकांच्या डब्यात बसवून देणार आणि मामा दादरला उतरवून घेणार.

त्याच संध्याकाळी मी बेत आखायला घेतला. लिहायला कागद हवा होता. आमच्याकडे कोरी वही नसायची, पण कोरी बाजू भरपूर होती. हाताला लागला तो ताव ओढला, उलटा केला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: मुंबईचा बेत. तो भरती-ओहोटीचा ताव होता.

पहिला प्रश्न तारखेचा.

"अवसंला जाऊ," आत्या म्हणाली. तिनं हे फार आधीच ठरवून ठेवलं होतं. "कारखाना बंद असतोय. रजा मागाया नको. आनि समुद्र काय कुनी रोज शिवत न्हाय. अवस न्हायतर पुनव लागती. मालकाची आई सांगती की, पर्वणीचा दिवस नसंल तर समुद्राला हात लावू नये. म्हंजी बघ, माझी सुट्टी आनि त्येला शिवायचा दिवस एकच."

आई म्हणाली, "वन्सं, अवसंला प्रवासाला निघत्यात व्हय कुनी?"

"निघायचं आदल्या दिशी. अवसंला नुसतं पोचायचं."

आईला ते पटलं. मला ते सहन झालं नाही. समुद्राला शिवायला मुहूर्त? समुद्र हा कुणा भटाच्या मालकीचा आहे का? ज्या देशात माणसाला विहिरीवर जायची बंदी, त्याच देशात समुद्रालाही ठरावीक दिवशीच हात लावायचा, हे एकाच साखळीचे दुवे आहेत. असं मी बरंच बोलले. त्यातली काही वाक्यं पंचांगावरच्या पत्रकाच्या पान चारवर होती, काही माझी होती. आत्या शांतपणे ऐकत राहिली. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तिनं विचारलं, "मग कवा जायचं म्हनतीस?"

माझा दिवस ठरलेला होता. एका पत्रकात मी वाचलं होतं की येत्या रविवारानंतरच्या रविवारी चौपाटीच्या वाळूत बायकांची जाहीर सभा आहे. वाळूत हजारो बायका बसणार, बाई बोलणार, बाई अध्यक्ष असणार. मी आजवर सभा फक्त वाचली होती. मला ती ऐकायची होती. हे मी लपवलं नाही, पण ते मी तत्त्वाच्या खाली, दुसऱ्या क्रमांकाला ठेवलं.

"रविवारी," मी म्हणाले. "आणि रजा तुझा हक्क आहे, आत्या. मी अर्ज लिहून देते."

आत्यानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "तू म्हनतीस तर आयतवारी जाऊ. समुद्र काय, तवा बी आसंलच."

मी अर्ज लिहिला. तो दीड पानांचा होता आणि त्यात श्रम, घाम आणि न्याय हे शब्द होते. आत्या तो घेऊन गेली. संध्याकाळी आली तेव्हा अर्ज तिच्या पदरात तसाच होता. तिनं मालकाला तेलुगूत सांगितलं की भावजयीबरोबर समुद्र बघाया जातेय. त्यानं "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणून मान हलवली आणि परत येताना शिंपले आण म्हणाला. संघर्ष न होताच हक्क मिळाला याचं मला वाईट वाटलं. तो अर्ज पुढं शेंगाच्या चटणीची पुडी बांधायला कामी आला.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात मुंबईशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. चाचा रोज छापखान्यातून परस्पर आमच्या ओट्यावर यायचे आणि मुंबई सांगायचे. ट्रामला मागून चढायचं की पुढून. पारशी म्हाताऱ्या बाकावर बसतात त्यांच्या शेजारी बसलं तर चालतं, त्या रागावत नाहीत, फक्त चष्म्यावरून बघतात. गुजराती बायका वाळूत पोरांना घेऊन येतात. अरब येतात, चिनी येतात, मद्रासी येतात, गोवेकर कोट घालून येतात. कोळणी टोपली घेऊन सगळ्यांच्या मधून चालतात, आणि त्यांना सगळे वाट देतात.

"एवड्या मानसांत कुनाशी काय बोलायचं?" आई काळजीनं म्हणाली.

"त्यात काय?" आत्या म्हणाली. "हितं कारखान्यात तीन बोली हाईत, चाचाची चौथी. तितं आनि चार असत्याल. भाकरी कुटं मिळती आनि पानी कुटं मिळतंय, येवडं सगळ्या बोलीत हातानंच इचारत्यात."

आईचा खरा घोर खाण्याचा होता. ती कडक भाकरीच्या चळती रचायला लागली. मी जाहीर केलं की आपण मुंबईत इराण्याच्या हाटेलात बसून चहा पिणार. शिवाशिवीचा नायनाट घरातून सुरू व्हायला हवा. तो मी बेताच्या कागदावर क्रमांक चारला लिहिला होता.

"पन तुज्याच भिंतीवर लिवलंय की चहा वाईट," आत्या म्हणाली. मी दारूबंदीचं पत्रक तिला इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की ते तिला पाठ होतं. "रगत सुकतंय म्हनं. आता इराण्याचा चहा चांगला. एकदा कुटला कागद ऐकायचा त्ये ठरव, म्हंजी मला बी बरं पडंल."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. याचं उत्तर पत्रकात नक्कीच होतं. ते कदाचित पान दोनवर असेल.

निघायला चार दिवस उरले तेव्हा मी अण्णांचा डबा घेऊन छापखान्यात गेले. बेताचा ताव बरोबर घेतला होता, कारण गाडीच्या वेळा चाचांकडून पक्क्या करून घ्यायच्या होत्या. दुपारची सुट्टी होती, मशीन थांबलेलं होतं. चाचांनी हात पुसून ताव घेतला आणि माझा बेत वाचायला लागले. सकाळी दादर. मग मामाकडे आंघोळ. मग इराणी. दुपारी चारला सभा. सभेच्या आधी, साडेतीन ते चार, आत्या: समुद्र.

"आधा घंटा?" चाचा म्हणाले.

"पुरेसा आहे. समुद्र समोरच तर आहे."

त्यांनी मशीनवाल्याच्या सवयीनं ताव पलटला. "अरे, ये तो मेराच बिगाडा हुआ है," म्हणाले, आणि वाचता वाचता पान पाचच्या तळाशी थांबले. तिथलं शेवटचं वाक्य अर्धं होतं: परंतु ज्या दिवशी सूर्य आणि चंद्र. पुढचा मजकूर पान सहावर, आणि पान सहा आमच्याकडे नव्हतं. मला ते वाक्य अर्धं आहे हे कधी खटकलंच नव्हतं. ज्या दिवशी सूर्य आणि चंद्र यांचं खरं रूप माणसाला समजेल त्या दिवशी अंधश्रद्धा नष्ट होईल, असं मी ते पूर्ण करून ठेवलं होतं आणि दोनदा आळीत मोठ्यानं म्हणूनही दाखवलं होतं.

चाचा उठले. फळीवर प्रत्येक छापलेल्या पुस्तिकेची एक प्रत ठेवलेली असे. त्यांनी ती शोधून, धूळ झटकून माझ्या हातात दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा एका पुस्तिकेचं पान सहा वाचलं.

परंतु ज्या दिवशी सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, म्हणजे अमावास्येस व पौर्णिमेस, त्या दिवशी भरती सर्वांत मोठी होते व ओहोटीसही पाणी सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार सर्वांत कमी असतो. पान सातवर मुंबईचं उदाहरण होतं. अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास पाणी पूर्ण चढलेलं, सायंकाळी सहाच्या आसपास पूर्ण उतरलेलं.

छापखान्याच्या दारामागं पंचांग टांगलेलं होतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं बरेच दिवस पाळलं होतं. त्या दिवशी बघितलं. माझा रविवार वद्य अष्टमीचा होता.

मी तिथंच तावांच्या ढिगावर बसले. मला डोळ्यांपुढे दिसत होतं. आत्या साडेतीनला वाळूत उभी राहते. पाणी तिच्यासमोर इकडचं तिकडं होत नाही. चारला मी तिला सभेला ओढून नेते. ती परत येते आणि आयुष्यभर म्हणते की आपण बघून आलो, तो माणूस थापाच मारत होता. आणि ते मी केलेलं असतं, सगळं तत्त्वाला धरून.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी चाचांना विचारलं.

"चांद का नाप तो नहीं मालूम था. पर अमावस को पानी जोर करता, ये तो मुंबई का बच्चा बच्चा जानता."

"मग सांगितलं का नाही?"

"तू पूछी कब, बेटी? तू तो बतातीच बैठी थी."

अण्णा डबा उघडून जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यो ताव आता कुटं उलटून वाचलास बग."

छापखान्यातून मी थेट कारखान्यात गेले. सभा सोडावी लागणार होती, हे मला रस्त्यातच कळलं होतं. वेगळी युक्ती काढता येते का, हेही मी बघितलं. आई आणि आत्याला अमावास्येपर्यंत मुंबईत ठेवून घ्यावं, म्हणजे सभाही होईल आणि समुद्रही. पण आत्याला रजा एका दिवसाची होती. आठवडाभर माग अडवून ठेवणं तिला जमणार नव्हतं. हक्काचा अर्ज पुन्हा लिहावा असा विचार आला, तो मी सोडून दिला.

मागांचा खडखडाट चालू होता. आत्या कोपऱ्यात चरख्याशी बसली होती. तिच्यासमोर उकिडवी बसून मी ओरडून सगळं सांगितलं, कारण तिथं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. पान सहावर काय आहे तेही सांगितलं, आणि माझ्याकडे पान सहा कधी नव्हतं तेही.

तिनं कांडी पूर्ण भरली, काढली, टोपलीत टाकली. मग म्हणाली, "म्हंजी पंचांग बरूबर?"

"पंचांग बरोबर नाही, आत्या. चंद्र बरोबर आहे."

"बरं. आनि चंद्र आज कितवा, त्ये तू कशात बगितलंस?"

शेजारच्या मागावरचा विणकर, ज्याला मराठी येत नाही असं मी समजत होते, तो हसला.

"आनि तुजी सभा?" आत्यानं विचारलं.

"सभा पुन्हा होईल."

"समुद्र बी पुन्ना आसंल की. मी दिस बदलाय लावत न्हाय तुला."

"मी बदलतेय."

तिनं नवी कांडी चरख्यावर चढवली, आणि सूत लावताना तिचा हात जरा चुकला. एरवी तो चुकत नसे. "मग अर्धा तास मांडलाईस, त्येवडा वाढीव," म्हणाली.

त्या संध्याकाळी मी बेताच्या कागदावरचा रविवार खोडला आणि त्याच्यावर त्याच्या पुढचा, अमावास्येचा रविवार लिहिला. इराणी ठेवला. सभेच्या जागी लिहिलं: समुद्र, दुपारी बारा ते सायंकाळी सहा. मामाला कार्ड टाकलं. पंचांगाबद्दलचं माझं मत मी तेव्हाही बदललं नाही आणि आजही बदललेलं नाही. फक्त ते मांडण्याआधी मी आता सगळी पानं आहेत का ते बघते.

मुंबईचं मी थोडक्यात सांगते. इराण्याकडे आम्ही गेलो. आईनं पहिल्यांदा कप पदरानं पुसला, मग चहा प्याली, मग हळूच दुसरा मागितला. आत्यानं शेजारच्या टेबलावरच्या माणसाची बोली कुठली हे ओळखायचा प्रयत्न केला, आणि जमेना तेव्हा त्यालाच विचारलं. तो पेशावरचा होता. तिच्या कपाळावर कुंकू नाही हे बघून त्यानं तिला आई म्हटलं.

बाराला आम्ही चौपाटीवर होतो. पाणी वर आलेलं होतं, वाळूची पट्टीच काय ती उरली होती. लाटांत होडी बांधायचा एक लाकडी खुंट उभा होता, त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. आत्यानं त्याच्याकडे बोट दाखवलं. "त्येला हात लावला तर खरं," म्हणाली, आणि नारळवाल्याच्या सावलीत बसली.

सहा तास बसली. आई मामाबरोबर देवीला जाऊन आली. मी आत्याजवळ होते. चाचांनी सांगितलेले सगळे आमच्या समोरून गेले: पारशी म्हातारी, गुजराती पोरं, टोपीवाले, पगडीवाले, कोटवाले. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं, पण एक डोळा खुंटावर ठेवून. दोनला खुंटाचा गळा दिसला. चारला तो कमरेपर्यंत उघडा झाला. साडेपाचला त्याच्या बुडाशी ओली वाळू होती आणि दोन पोरं त्याला धरून गोल फिरत होती.

आत्या उठली. कनवटीतून तिनं एक कांडी काढली, शेवटाला थोडं लाल सूत उरलेली. सुताचं टोक खुंटाला बांधलं आणि कांडी हातात फिरवत पाण्याच्या दिशेनं चालायला लागली. मी मागं. सूत सुटत गेलं. एका जागी ते संपलं. पाणी अजून बरंच पुढं होतं. तिनं रिकामी कांडी वाळूत रोवली आणि पुढं गेली.

एक कोळीण टोपली घेऊन उलट्या बाजूनं येत होती. आत्यानं तिला थांबवून विचारलं, "बाय, ह्ये रोज असं जातंय?"

"नाय तर काय," कोळीण न थांबता म्हणाली, "त्याला दुसरा काम हाय काय?"

पाण्याशी पोचल्यावर आत्यानं पावलं भिजवली आणि हात भिजवून डोळ्यांना लावले. "खरं बोलत हुता," म्हणाली. एवढंच म्हणाली. मग मला विचारलं की ट्राम शेवटची कधी असते.

येताना तिनं कारखान्याच्या मालकासाठी ओंजळभर शिंपले आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेली तेव्हा मीही घागर घेऊन तिच्यामागं होते. बायकांनी तिला घेरलं. ती सांगायला लागली, अगदी आतोबांसारखंच, हात लांब करून. पार लांब जातो. तळावरून चाललो आमी. आपला आपन जातो आनि आपला आपन येतो.

एक तरणी सून, जिला आतोबा माहीतच नव्हते, दुसरीला म्हणाली, "म्हातारीला मुंबई लागली. काय पन थापा मारती."

सगळ्या हसल्या. माझ्या कमरेला ती पूर्ण पुस्तिका खोचलेली होती, आठही पानांची. चाचांनी मला देऊन टाकली होती. मी ती काढायला गेले, तर आत्यानं माझं मनगट धरलं.

"असू दे," ती म्हणाली. घागर डोक्यावर घेताना ती हसत होती, मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. "आता आमी दोगं बी थापाडे."